नर्सरीच्या आधी या चुका टाळा: डबा, बूट आणि बाथरूम

इंदूरमधल्या बऱ्याच शाळांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चभर घराघरांत एकच लगबग असते: एबीसीडी पाठ आहे ना, आकडे येतात ना? ते जरा राहू द्या. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण धरली आहेत. ३ ते ६ हा काळ खेळत शिकायचा. पहिल्या आठवड्यात मूल अडतं ते डब्याच्या झाकणापाशी.

चारही बाजूंनी क्लिपा असलेला नवाकोरा डबा शाळेच्या आदल्या दिवशी आणणं, ही अगदी हमखास चूक. दुकानातच तो मुलाच्या हातात द्या. उघडला नाही तर परत ठेवा, मग वर कितीही गोजिरं कार्टून असो. घरी आणल्यावर अंगठा जिथे दाबायचा तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. आत काय भरायचं तेही बघा. पोहे घरी आजीच्या हातून छान जातात. शाळेत निम्मे मांडीवर आणि शेव जमिनीवर. त्यापेक्षा तूप-साखरेची पोळी गुंडाळून दोन तुकडे करून द्या. (इंदुरात पोह्यांविरुद्ध बोलणं धोक्याचं आहे, ठाऊक आहे. रविवारी खा.)

भरवण्यावरून आजींशी वाद घालू नका. ‘आधी त्याचं तो खाईल, शेवटचे चार घास तुम्ही भरवा’ एवढं ठरवलं की दोघंही खूश. मोबाइल मात्र ताटापासून लांब.

बूट, चेन, बटणं सकाळच्या घाईत शिकवायला जाल तर व्हॅनचा हॉर्न वाजतो, आपण खाली बसतो आणि सगळं आपणच करून टाकतो. हा धडा संध्याकाळचा. शिकवायचं शेवटाकडून: चेन तुम्ही अडकवा, वर त्याला ओढू द्या, ते जमलं की एक पायरी मागे या. बूट वेल्क्रोचेच घ्या. एक स्टिकर मधोमध कापून अर्धा एका बुटात, अर्धा दुसऱ्यात चिकटवा. चित्र जुळलं की डावा-उजवा बरोबर. आणि त्यानं कॉलर वाकडी ठेवली असेल तर लगेच सरळ करायला धावू नका. राहू दे वाकडी.

सगळ्यात जास्त गोंधळ बाथरूमचा. दर अर्ध्या तासाला ‘शू आली का रे?’ विचारत राहिलं, तर मूल पोटातली जाणीव ओळखायला शिकतच नाही, आठवण करून द्यायचं काम आईचं होऊन बसतं. घरी काही दिवस विचारणं कमी करा, एखादी चड्डी ओली होईल. पँट इलास्टिकची असू द्या. पट्टा आणि हूक पाहुण्यांकडे जाताना. स्वतःला धुणं लगेच जमत नाही, शाळेतल्या दीदी मदत करतात, पण पँट खाली-वर करणं आणि हात धुणं जमायला हवं. घरात मराठीच चालत असेल तर ‘मैम, पॉटी आई है’, ‘ये खोल दीजिए’ एवढं हिंदीत बोलायची सवय करून ठेवा. अनोळखी दुकानदाराकडे त्यालाच काही मागायला लावलं की भीड चेपते.

घरातलं एखादं खरं काम त्याच्या नावावर करा. इंदुरात ते तयारच आहे: केळ्याची साल ओल्या कचऱ्यात, बिस्किटाचा कागद सुक्यात.

‘असं केलंस तर मॅम ओरडतील’ ही धमकी नको. शाळेच्या दारातून नजर चुकवून सटकणंही नको; सांगून, टाटा करून निघा, रडला तरी.

एप्रिलमध्ये जमलेलं मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी विसरलं जातं, जूनमध्ये पुन्हा सुरुवात करायची तयारी ठेवा. शाळा सुरू झाल्यावर आधी कोरडं राहणारं मूल चड्डीत शू करायला लागलं, तर रागावू नका. नव्या जागेच्या ताणानं बऱ्याचदा असं होतं. मात्र शूला जळजळ, ताप किंवा शी घट्ट होत असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.