स्कॅनमधून मराठी मजकूर काढताय? या चुका टाळा

वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकेची ११२ पानं स्कॅन करून वर्डमध्ये आणायची होती. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली, प्रतिमेतली अक्षरं ओळखून मजकूर काढणारं (म्हणजे ओसीआर करणारं) टेसरॅक्ट जोडलं आणि नाश्त्याला उठलो. परत येऊन फाइल उघडली तर ‘मंडळ’चं ‘मडळ’, ‘कांदा’चा ‘कादा’. पानामागून पान अनुस्वारच गायब! टेसरॅक्टच्या नावानं बोटं मोडली. गुन्हेगार मात्र मीच होतो.

इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेल्या एका ट्युटोरियलमधून प्रतिमा साफ करायच्या चार ओळी मी जशाच्या तशा उचलल्या होत्या. त्यात मीडियन ब्लर नावाचा फिल्टर होता. कागदावरचे बारीक काळे ठिपके पुसायला तो छानच, पण आपला अनुस्वार म्हणजे तरी काय, बारीक काळा ठिपकाच. धूळ कुठली आणि अनुस्वार कुठला, हे त्या फिल्टरला कसं कळावं? आता मी एक पान काहीही साफ न करता चालवून बघतो. काळं-पांढरं करायचं काम टेसरॅक्ट आतल्या आत करतंच. डाग खरोखर आड येत असतील तरच फिल्टर लावायचा, तोही लहानात लहान मापाचा.

याच जातीची, पण जास्त वाईट चूक जमाखर्चाच्या पानांवर झाली. तक्त्याच्या आडव्या रेघा काढून टाकायला ओपनसीव्ही या प्रतिमा हाताळणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) ४० पिक्सेल रुंदीची पट्टी दिली, म्हणजे तेवढी किंवा त्याहून लांब सलग काळी रेघ दिसली की पुसायची. ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ‘कार्यकारिणी’ या शब्दाची शिरोरेघ दोनशे पिक्सेलच्या पुढे जाते. त्यामुळे तक्त्याच्या रेघांबरोबर सगळ्या शब्दांची डोकी उडाली आणि उरलेली अक्षरं गुजरातीसारखी दिसायला लागली. पट्टी पानातल्या सर्वांत लांब शब्दापेक्षा बरीच मोठी हवी. ए-फोर पान ३०० डीपीआयला सुमारे २,४८० पिक्सेल रुंद असतं, तेव्हा ६०० पिक्सेलची पट्टी चालते.

डीपीआयचा विषय निघालाच आहे तर, पीडीएफची पानं प्रतिमांमध्ये काढणारी पीडीएफटूइमेज लायब्ररी आपण न सांगितल्यास २०० डीपीआय धरते. तिथे ३०० लिहा. आणि पानांचे फोटो व्हॉट्सॲपवरून मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं समोरच्याला बजावून सांगा, नाहीतर फोटो आक्रसून येतात आणि रफार-वेलांट्यांचा चिखल होतो. फोनचा फोटो पायथॉनमध्ये आडवा उघडला तर पिलो या प्रतिमांच्या लायब्ररीतलं, फोटो सरळ करणारं एक्सिफ ट्रान्सपोज वापरा.

भाषा सांगितली नाही तर टेसरॅक्ट इंग्रजी धरतं, मग मराठी पानातून इंग्रजी अक्षरांचा कचरा निघतो. मराठीचा कोड एम-ए-आर. ‘देवनागरी ती देवनागरी’ म्हणून हिंदीचा संच लावू नका. हिंदी मजकुरात ळ क्वचितच येतो, आपलं त्याच्याशिवाय पान हलत नाही. पानात इंग्रजी शब्द असतील तर अधिक चिन्ह घालून दोन्ही भाषा द्या, मराठी आधी.

पीडीएफमधला मजकूर निवडता येतोय, पण कॉपी केल्यावर भलतंच काही चिकटतंय? मग ते श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असणार. तिथे पानाची प्रतिमा करून ओसीआर करणं हा सोपा रस्ता. उलट मजकूर नीट मराठीत चिकटत असेल तर ओसीआरच्या भानगडीत पडूच नका.

आता वर्डकडे. वर्डची फाइल बनवणारी पायथॉन-डॉक्स लायब्ररी ‘स्ट्रिंग एक्सएमएलला चालणारी नाही’ अशा अर्थाची तक्रार करत थांबली तर घाबरायचं कारण नाही. टेसरॅक्ट प्रत्येक पानाच्या शेवटी फॉर्म फीड नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतं, ते काढून टाका. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. दुसरं, फॉन्टचं नाव आणि आकार देऊनही मराठी अक्षरं ढिम्म हलत नाहीत, कारण ती लायब्ररी फक्त रोमन अक्षरांचा फॉन्ट बदलते. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. तिच्यासाठी फॉन्टच्या नोंदीत सीएस हा गुणधर्म आणि आकारासाठी एसझेड-सीएस वेगळे भरावे लागतात.

सगळ्यात उशिरा सापडणारी चूक ऱ्याची. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यातला फरक आपल्याला दिसतो, पण ‘दऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो: एकदा नुक्तावाल्या ऱ ने, एकदा साध्या र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणारं एनएफसी नॉर्मलायझेशन याला पुरत नाही, बदलाची ओळ स्वतः लिहावी लागते. आणि ती लिहिताना सगळेच न दिसणारे जोडचिन्ह सरसकट पुसू नका, नाहीतर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. माझ्या स्मरणिकेतल्या ट्रेकच्या लेखात सह्याद्रीत चक्क ‘दर्या’ आला होता.

त्या लेखानंतर मी टेसरॅक्टकडून प्रत्येक शब्दाचे खात्रीचे गुणही घ्यायला लागलो. शंभरपैकी ६० च्या खाली असलेला शब्द वर्डमध्ये पिवळा करून ठेवतो, आणि मुद्रितशोधन करणाऱ्या काकू आधी तेवढेच बघतात. आकडे मात्र त्या पिवळे नसले तरी मूळ पानाशी ताडतात, कारण १ आणि ९ ची अदलाबदल पूर्ण खात्रीनिशी झालेली त्यांनी दोनदा पकडली आहे.