ई-कचरा देताना या चुका टाळा: कापलेल्या फ्रिजपासून कोऱ्या पावतीपर्यंत

गेल्या दिवाळीआधीच्या रविवारी आमच्या सोसायटीत ई-कचरा न्यायला टेम्पो बोलावला होता. बी विंगमधल्या काकूंचा फ्रिज दोघा मुलांनी जिन्यावरून उतरवला. मागून पाहिलं तर कॉम्प्रेसरच्या जागी नुसती पोकळी. तांब्याची नळी करवतीने कापलेली, खालच्या पत्र्यावर तेलाचा ओघळ आणि त्यात बसलेली धूळ. "परवा भंगारवाला आला होता. त्याला तेवढंच हवं होतं, तीनशे रुपये दिले. म्हटलं बाकीचं तुमच्या टेम्पोत जाईल," काकू म्हणाल्या.

काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. पण नळी कापली त्याच क्षणी आतला गॅस हवेत गेला होता. बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो, फार तर शे-दीडशे ग्रॅम. मात्र किलोला किलो धरलं तर हवा तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त आहे. शिवाय तांबं आणि कॉम्प्रेसर गेल्यावर उरतो तो फोम, प्लास्टिक आणि पातळ पत्रा. त्यात रिसायकलरला, म्हणजे जुन्या मालातून धातू वगैरे पुन्हा वापरात आणणाऱ्या कारखान्याला, गाडीभाडंही सुटत नाही, म्हणून असा माल घ्यायला कुणी राजी नसतं.

तेव्हा पहिली गोष्ट: वस्तू अख्खी द्या. जुन्या डब्बा टीव्हीचंही हेच. पिक्चर ट्यूबच्या मानेवर तांब्याची कॉइल असते. ती ओढून काढताना काचेची मान फुटते, आणि त्या काचेत शिसं असतं. दहा-वीस रुपयांच्या तांब्यासाठी शिशाची काच अंगणात पसरते आणि तिथेच मुलं खेळतात. मला याचा राग येतो, आणि तो भंगारवाल्यापेक्षा आपल्या व्यवस्थेवर जास्त येतो.

भंगारवाला हा चोर नाही. दारापर्यंत येणारा, हातात पैसे ठेवणारा माणूस आपल्याकडे तोच आहे. अडचण त्याच्या पुढच्या साखळीत आहे. वायर जाळून तांबं काढायचं, सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढायचं, उरलेलं नदीकाठी टाकायचं. दिल्लीचं सीलमपूर आणि रामगंगेकाठचं मुरादाबाद यासाठीच ओळखली जातात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' सहकारी संस्था घरोघरचा ई-कचरा घेते. तिथे तोच अनुभवी हात कामाला येतो, फक्त माल योग्य ठिकाणी पोचतो. तुमच्या गावात असं काही असेल तर आधी तिकडे विचारा.

"कंपनीने परत न्यायलाच हवा"

हा गैरसमज फार पसरला आहे. विकलेल्या वस्तूंच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी आपल्या कायद्यात पहिल्यांदा आली २०११च्या नियमांनी, ते लागू झाले मे २०१२पासून. २०१६च्या नियमांत जुना माल गोळा करण्याच्या व्यवस्थेवर भर होता. सध्याचे नियम २०२२चे, १ एप्रिल २०२३पासून लागू, आणि त्यांची रीत वेगळी आहे. यादी २१ वस्तूंवरून १०६ वस्तूंवर गेली. कंपनीला आता वजनाचं लक्ष्य असतं. तेवढ्या वजनाचा माल नोंदणीकृत रिसायकलरने पुन्हा वापरात आणला, याची प्रमाणपत्रं तिने विकत घ्यायची. सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशेबाने ही प्रमाणपत्रं तयार होतात.

म्हणजे तुमचाच मिक्सर त्याच कंपनीने न्यावा असं बंधन राहिलेलं नाही. ग्राहकसेवेला फोन लावून हक्काने भांडलात तर दोघांचाही वेळ जाईल. त्याऐवजी थेट विचारा: "माझ्या पिनकोडला तुमच्या वतीने माल कोण उचलतं? त्या रिसायकलरचं नाव सांगा." नाव सांगितलं तर पुढची तपासणी करता येते. टाळाटाळ झाली तर सरळ नोंदणीकृत रिसायकलर गाठा. कंपनी कोणतीही असो, तो माल घेऊ शकतो.

माझ्या मते या बदलात एक गोष्ट हरवली: ग्राहकाच्या दारापर्यंत येणारी वाट. एक गोष्ट मिळालीही, रिसायकलरच्या हातात पैसा. २०२४मध्ये सरकारने या प्रमाणपत्रांना किमान भाव ठरवून दिला. घरगुती इलेक्ट्रॉनिक मालासाठी तो किलोला २२ रुपये आहे. त्यावरून काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भाव पाडून घेतलेल्या प्रमाणपत्रांवर नीट चालणारा कारखाना उभा राहत नाही, हे माझं ठाम मत आहे.

रंगीत कागदाला भुलू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. ऑफिसचे चाळीसेक जुने संगणक एका गाडीत भरून दिले. गाडीवर 'सरकारमान्य' लिहिलेलं, माणूस बोलायला नम्र, हातात गोल शिक्क्याचं रंगीत प्रमाणपत्र. महिन्याभराने ऑडिटरने विचारलं म्हणून शोधलं, तर त्या नावाचा रिसायकलर यादीतच नव्हता. त्याच्याकडे होती ती जुन्या नियमांखालची, वस्तू सुट्या करण्याची परवानगी, आणि तिचीही मुदत संपलेली. प्रमाणपत्रावर वजनाचा रकाना कोराच होता. भरताना मी तो पाहिलाच नव्हता.

सध्याच्या नियमांत नोंदणी चौघांचीच होते: निर्माता (वस्तू बनवणारा), उत्पादक (ती आपल्या ब्रँडखाली विकणारा किंवा आयात करणारा), दुरुस्ती करून पुन्हा विकणारा आणि रिसायकलर. 'कलेक्शन सेंटर' किंवा 'डिसमँटलर' (वस्तू सुट्या करणारा) एवढंच कुणी सांगत असेल तर माल शेवटी कुठल्या रिसायकलरकडे जाणार ते लेखी घ्या. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर ते नाव शोधा. नाव अक्षरशः तेच हवं, 'एंटरप्रायझेस'च्या जागी 'इंडस्ट्रीज' चालणार नाही. पत्ता आणि मुदत बघा. कोणत्या गटातल्या मालाची परवानगी आहे तेही बघा, कारण संगणक घेणाऱ्याला फ्रिज घेता येईलच असं नाही. गाडी हलण्याआधी चलनावर नगसंख्या, वजन आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.

एक्सचेंज ऑफरमध्ये दिलेला फोनही बहुधा रिसायकलिंगला जात नाही, तो पुन्हा विकला जातो. त्यात वाईट काही नाही, उलट वस्तूचं आयुष्य वाढतं. पण मग तुमचा डेटा? लोक नुसता रीसेट मारतात आणि खातं तसंच ठेवतात. परिणामी फोन कुलूपबंद राहतो, दुरुस्त करणारा तो उघडू शकत नाही आणि चांगला चालता फोन सुट्या भागांसाठी फुटतो. आधी खात्यातून बाहेर पडा, मग रीसेट करा. संगणकाची हार्डडिस्क नुसती फॉरमॅट केली तर फाइली परत निघू शकतात. ती पुसण्याच्या सॉफ्टवेअरने पुसा, किंवा रिसायकलरकडून तुकडे केल्याचं पत्र घ्या.

घरात साठवताना

फुगलेली बॅटरी ही यातली सगळ्यात घातक वस्तू. पाठ उचललेला फोन दाबून बसवू नका, टोचू नका, "एकदा चार्ज होतो का बघू" तर मुळीच नको. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घाला, त्यात तो ठेवा, आणि नेणाऱ्याला वेगळा दाखवून द्या. पोत्यात चार्जर आणि वायरींखाली दबून त्याने पेट घेतला तर टेम्पो जळतो. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. त्यांच्यासाठी २०२२चेच वेगळे नियम आहेत, त्यामुळे ई-कचरा घेणारा त्या नाकारू शकतो. आधी विचारून घ्या.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा आणि बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा. सगळं झाकणाच्या बरणीत भरा.

शाळा, रुग्णालयं, ऑफिसं

यादीतली किमान एक हजार उपकरणं वर्षात कोणत्याही वेळी वापरात असतील, तर तुम्ही नियमांनुसार मोठे ग्राहक ठरता. लोक फक्त संगणक मोजतात आणि "आमचे तर दोनशेच" म्हणून निश्चिंत होतात. पंखे, एसी, प्रिंटर आणि टेलिफोनही मोजा, आकडा पटकन वर जातो. मग जुना माल नोंदणीकृत घटकांनाच द्यावा लागतो. लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला देऊन मोकळं होता येत नाही. निविदेच्या पहिल्याच अटीत नोंदणी क्रमांक मागा, नाहीतर स्टोअरकीपर मधल्यामध्ये अडकतो.

स्वतःचं नाव छापणाऱ्यांसाठी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बसून चीनमधून स्पीकर मागवायचे, डब्यावर आपला ब्रँड छापायचा आणि "माल तर तिकडचा" म्हणायचं, हे चालत नाही. आयात करणारा आणि स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा, दोघेही 'उत्पादक' धरले जातात. सूक्ष्म उद्योगांना सूट आहे, पण त्याचा कागद हाताशी ठेवा.

लक्ष्य मोजतानाही घोळ होतो. ते यंदाच्या विक्रीवर नसतं. वस्तूचं सरासरी आयुष्य ५ वर्षं धरलं आणि २०२०-२१मध्ये १०० टन विकलं, तर २०२५-२६चं लक्ष्य ७० टन. २०२७-२८पासून हा हिस्सा ८० टक्के होतो. धंदा नवा असेल आणि विक्रीची वर्षं वस्तूच्या आयुष्यापेक्षा कमी भरत असतील, तर दोन वर्षांपूर्वीच्या विक्रीच्या २० टक्के.

प्रमाणपत्रं मार्चअखेरीला घाईत घेऊ नका. प्लास्टिकच्या अशाच योजनेत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सहा लाखांहून जास्त खोटी प्रमाणपत्रं सापडली होती. लक्ष्य चुकलं तर पर्यावरण भरपाई नावाची दंडासारखी रक्कम लागते, आणि ती भरली तरी मूळ जबाबदारी माफ होत नाही. राहिलेलं लक्ष्य वर्षभरात पूर्ण केलं तर भरपाईचे ८५ टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी ३०, पुढे काहीच नाही. त्यामुळे चूक लक्षात आली की त्याच तिमाहीत हिशेब मांडायला बसा.

काकूंचा तो फ्रिज टेम्पोवाल्याने नेला नाही. तो अजून जिन्याखाली उभा आहे. यंदाच्या सूचनेच्या कागदावर आम्ही सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "फ्रिज कॉम्प्रेसरसकट आणा."