ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मजबुती: आधी उष्णता आवरावी, मग सुटे भाग घ्यावेत

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मजबूत करायचा असे ठरले की बहुतेकांची नजर प्रथम शिफ्ट किट (गिअर बदलण्याची रीत बदलणारा भागांचा संच), अधिक दमाच्या क्लच प्लेटा आणि नवा टॉर्क कन्व्हर्टर (एंजिनाची शक्ती ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) यांच्याकडे जाते. या लेखातला क्रम उलटा आहे. पहिला खर्च तापमान मोजण्यावर, दुसरा ऑइलवर, तिसरा कूलरवर, आणि ज्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो ते सारे त्यानंतर. कारण या यंत्राचे बहुतेक आजार उष्णतेतून किंवा घटलेल्या दाबातून सुरू होतात आणि जळालेली प्लेट हे त्यांचे शेवटचे लक्षण असते. मूळ कारण तसेच ठेवून बसवलेली महागडी प्लेटही जुनीच्याच वाटेने जाते.

येथे विचार केला आहे तो टॉर्क कन्व्हर्टर आणि प्लॅनेटरी गिअर असलेल्या पारंपरिक ऑटोमॅटिकचा. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली यांच्यातल्या घर्षणावर सगळी मदार असते, तर ड्युअल क्लचची रचना मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच्या जवळची असते. त्यांचे ऑइल वेगळे, दुखणी वेगळी, त्यामुळे हा सल्ला त्यांच्यावर सरसकट चालवू नये. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरचा कोणताही भाग बसवण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात.

आधी आकडा हाती घ्यावा

कन्व्हर्टरच्या आत एंजिनाबरोबर फिरणारा पंखा ऑइल फेकतो आणि त्या माऱ्याने समोरचा टर्बाइन फिरतो. दोघांच्या वेगांत जितका फरक, तितकी शक्ती चाकांकडे न जाता ऑइल तापवण्यात खर्च होते. या दोघांना थेट जोडणारा लॉकअप क्लच बसला की हा फरक जवळजवळ संपतो. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणारी गाडी गिअरबॉक्सला फारसा ताप देत नाही, मात्र चढावर ट्रेलर ओढताना किंवा गर्दीत पुढे सरकत-थांबत जाताना तीच गाडी त्याला भाजून काढते.

ऑइलचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस राहणे चांगले. त्यापुढच्या प्रत्येक ११ अंशांच्या वाढीला ऑइलचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. ११५ अंशांच्या आसपास धातूवर लाखेसारखा तपकिरी थर धरू लागतो आणि व्हॉल्व्ह अडखळतात. १२५ ते १३०च्या घरात सील कडक होऊ लागतात. आजची सिंथेटिक ऑइले याहून बरेच सोसतात, आणि काही आधुनिक गिअरबॉक्स इंधन वाचावे म्हणून मुद्दामच जरा गरम ठेवलेले असतात, तेव्हा हे आकडे इशारा म्हणून वाचावेत.

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी यंत्रावर) दिसते. ज्यांत दिसत नाही त्यांत वेगळा सेन्सर बसवावा लागतो, आणि तो कोठे बसवला यावर आकड्याचा अर्थ ठरतो. चेंबरमधला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठते त्या तबकातला सेन्सर सावकाश हलतो आणि सरासरी सांगतो. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपातला सेन्सर मात्र जोर पडताच झपाट्याने वर जातो आणि जोर ओसरला की उतरतो. त्यातली क्षणिक उडी पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन आठवडे नेहमीच्या रस्त्यावर, चढावर आणि गर्दीत किती तापमान जाते, बाहेर ऊन किती होते, गाडीत वजन किती होते, हे एका वहीत लिहून ठेवावे. या नोंदीत आकडा कधीच ९५च्या फार पुढे गेला नसेल, तर कूलर विकणारा काहीही म्हणो, मोठ्या कूलरची गरज नाही.

ऑइल आणि चेंबरमधले चुंबक

डेक्सरॉन, मर्कॉन, एटीएफ प्लस फोर, टोयोटाचे डब्ल्यूएस किंवा झेडएफचे लाइफगार्ड ही केवळ निरनिराळ्या डब्यांवरची नावे नाहीत. प्लेट किती हळुवार धरते आणि किती घट्ट धरते, हे ऑइलमधल्या घर्षण बदलणाऱ्या द्रव्यांवर ठरते. त्यामुळे ‘सर्व गाड्यांसाठी’ असे छापलेला डबा घेण्यापेक्षा कंपनीने सांगितलेले मानक पूर्ण करणारे चांगले सिंथेटिक ऑइल घ्यावे. माझ्या मते मजबुतीच्या खर्चातला हा सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा आहे. ‘आयुष्यभर ऑइल बदलावे लागत नाही’ या वाक्यावरही विसंबू नये. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकसाठी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते.

चेंबर उतरवल्यावर निम्म्याहून कमीच ऑइल बाहेर येते, कारण उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपांत अडकलेले असते. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा काढून भरणे हा सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत, आणि ऑइल कोमट झाल्यावरच बोल्टला हात घालावा.

चेंबरच्या तळाशी चुंबक असते. त्यावर बोट फिरवले असता काजळासारखी मऊ राखाडी पेस्ट लागली, तर ती नेहमीची झीज आहे. पुसावी आणि पुढे जावे. बोटाला टोचणारा कपचा, पितळी चमक किंवा ऑइलला येणारा करपट वास आणि तळाशी साचलेला काळा गाळ दिसला, तर सुटे भाग मागवणे थांबवावे, कारण आता प्रश्न दुरुस्तीचा आहे. घसरणाऱ्या गिअरबॉक्सला कूलर आणि शिफ्ट किट लावून बरे करण्याचा प्रयत्न मी अनेकदा पाहिला आहे. त्यात दोनदा पैसे जातात.

कूलर

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरच्या आतल्या छोट्या कूलरमधून फिरते. थंडीत तोच कूलर ऑइलला लवकर गरम करतो, त्यामुळे तो काढून टाकण्याऐवजी बाहेरचा कूलर त्याच्यानंतर, म्हणजे गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या पाइपावर जोडणे बहुतेक वेळा योग्य ठरते. अपवाद असा की आतला कूलर फुटला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळते, ऑइल गुलाबी दुधासारखे दिसू लागते आणि प्लेटांवरचे घर्षणाचे अस्तर सुटू लागते. या भीतीने ज्यांना रेडिएटर पूर्ण वगळायचा आहे त्यांनी थर्मोस्टॅट असलेली बायपास जोडणी वापरावी, म्हणजे ऑइल गरम होईपर्यंत कूलरकडे जाणार नाही. फार थंड आणि घट्ट ऑइलही गिअरबॉक्सला मानवत नाही. काही गाड्यांत तर ते गरम होईपर्यंत लॉकअप बसतच नाही.

वळणावळणाच्या नळीवर पातळ पंख असलेला कूलर स्वस्त असतो. एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचा कूलर तेवढ्याच जागेत बरीच अधिक उष्णता टाकतो आणि ऑइल थंड असताना त्याला सरळ वाटही देतो, म्हणून निवड करायची तर मी दुसराच घेईन. तो रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या पुढे, हवेच्या थेट मार्गात, पट्ट्यांच्या आधाराने बसवावा. पंखांच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या किटबरोबर मिळतात. त्या घासून घासून कंडेन्सरला भोक पाडू शकतात, म्हणून वापरू नयेत.

पाइपाच्या बाबतीत हात आखडू नये. होज गिअरबॉक्स ऑइलसाठी बनवलेलाच हवा. कूलंटचा साधा होज ऑइलने फुगतो आणि मऊ पडतो. माझ्या स्वतःच्या गाडीवर कापलेल्या गुळगुळीत धातूच्या पाइपावर मी होज चढवला, क्लिप नीट आवळली आणि काम झाले असे समजलो. दुसऱ्या दिवशी क्लिपच्या खालच्या कडेला एक लाल थेंब लोंबत होता, आणि होज बोटभर मागे सरकला होता. पाइपाच्या टोकाला फुगवटा किंवा काटेरी निपल नसेल तर दाबाखाली होज निसटतोच. तो पुरता निसटला असता तर काही मिनिटांत सगळे ऑइल रस्त्यावर गेले असते.

जोडणी झाली की परतीचा पाइप मापाच्या खुणा असलेल्या डब्यात सोडून एंजिन आयडलवर चालवावे. साधारण २० ते ३० सेकंदांत एक लिटर आले तर प्रवाह ठीक समजावा, एंजिन लगेच बंद करावे आणि तितकेच ऑइल परत भरावे. याच पाइपावर चुंबक असलेला इनलाइन फिल्टर बाणाची दिशा पाहून बसवता येतो. आधीचा गिअरबॉक्स तुकडे होऊन गेला असेल तर जुना कूलर धुऊन वापरण्याच्या फंदात पडू नये. आतल्या कपच्या पुरत्या निघतीलच असे नाही, आणि ज्या उरतात त्या नव्या गिअरबॉक्समध्ये जातात.

खोल चेंबरविषयी थोडक्यात: दोन-तीन लिटर ऑइल अधिक मावते, तापमान सावकाश चढते, पण मुक्कामाला तेवढेच पोहोचते. फिल्टर नव्या तळापर्यंत पोहोचेल असा जोड बरोबर आहे ना, आणि चेंबर खालच्या बाजूला कोठे आपटणार नाही ना, हे पाहावे. त्याचे बोल्ट लहान असतात. जोराने आवळले तर कड वाकते आणि गळती तिथूनच सुरू होते.

व्हॉल्व्ह बॉडी, कन्व्हर्टर आणि प्लेटा

गिअर बदलताना एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. त्या मधल्या क्षणात प्लेटा घासतात. प्रवाशाला हिसका बसू नये म्हणून कंपनी हा क्षण लांबवते, आणि त्यासाठी स्प्रिंगवरचे छोटे पिस्टन दाबाचा पहिला धक्का पिऊन टाकतात. शिफ्ट किटमध्ये वेगळ्या स्प्रिंगा, भोके बदललेली प्लेट आणि काही व्हॉल्व्ह असतात. त्यांनी हा क्षण आखूड होतो, प्लेटांची घासणी आणि उष्णता कमी होते. मात्र तो अति आखूड केला तर तोच धक्का शाफ्ट आणि ड्रमवर जातो. रोजच्या गाडीसाठी किटमधली सर्वांत सौम्य पायरी निवडावी: गिअर ठामपणे पडावा, मान हिसकू नये.

व्हॉल्व्ह बॉडीची, म्हणजे ऑइलचा दाब कोठे जायचा ते ठरवणारे व्हॉल्व्ह ज्या ठोकळ्यात असतात त्याची झीज हा शिफ्ट किटहून महत्त्वाचा विषय आहे, तरी त्याची चर्चा कमी होते. ॲल्युमिनियमच्या भोकात व्हॉल्व्ह लाखो वेळा मागेपुढे होतो, भोक लंबगोल होते आणि दाब बाजूने निसटतो. लॉकअप नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हचे असे झाले की लॉकअप घसरू लागतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरवर पी०७४१ हा बिघाडाचा कोड येतो. सोनॅक्ससारख्या कंपन्या यासाठी किंचित मोठे व्हॉल्व्ह आणि भोक नेमके वाढवण्याचे रीमर देतात. व्हॅक्यूमने कोणते भोक गळते ते तपासून मगच काम करावे. खोलताना ऑइलच्या वाटांतल्या प्रत्येक छोट्या गोळीच्या जागेचा फोटो घ्यावा, तंतू सुटणारे फडके वापरू नये, आणि बोल्ट मधून कडेकडे ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. कमी-जास्त आवळल्याने बॉडी किंचित वाकली तरी व्हॉल्व्ह अडकतात.

जनरल मोटर्सच्या ७००आर४सारख्या जुन्या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटलपासून येणारी केबलच ऑइलचा दाब ठरवते. कार्बोरेटर बदलून केबलची चाल बिघडली, तर भारी प्लेटाही थोड्याच अंतरात जळतात. नव्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो. तेथे ट्यूनिंग करताना गिअर बदलतेवेळी एंजिनाचा जोर क्षणभर कमी करण्याची सोय बंद करू नये, आणि काम झाल्यावर गिअर बदलण्याविषयी कॉम्प्युटरने शिकलेली जुनी मूल्ये पुसावीत.

कन्व्हर्टर निवडताना स्टॉल स्पीड (गाडी रोखून धरून पूर्ण जोर दिला असता एंजिन जिथवर फिरू शकते तो वेग) जितका वर, तितकी घसरण आणि उष्णता अधिक, हे लक्षात ठेवावे; वजन ओढणाऱ्या गाडीला मजबूत लॉकअप क्लचचा, मूळ किंवा किंचित कमी स्टॉलचा कन्व्हर्टर हवा. बसवताना तो फिरवत आत ढकलावा, म्हणजे एकेक खाचा जुळून तो टप्प्याटप्प्याने ‘टक्’ करून आत जातो. गिअरबॉक्स एंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (एंजिनाच्या ज्या चकतीला तो बोल्टने जोडतात तिच्यापासून) साधारण तीन ते पाच मिलिमीटर दूर असला पाहिजे. ही फट नसताना बोल्टच्या जोराने गिअरबॉक्स एंजिनाला खेचून घेतला, तर ऑइल पंप चालू होण्याआधीच फुटतो. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी किमान अर्धा तास ऑइलमध्ये भिजवाव्यात आणि क्लचच्या प्रत्येक संचातली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजावी.

पहिली फेरी

ऑइलची पातळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला आणि पद्धतीनेच पाहावी. बहुतेक गाड्यांत एंजिन चालू आणि लिव्हर पार्कमध्ये असतो, पण काहींत एंजिन बंद करूनच पाहावे लागते. जास्त भरलेले ऑइल फेसाळते, आणि फेस दाब धरत नाही. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवावा, पातळी पुन्हा पाहावी, मग हलक्या पायाने फेरी मारून सर्व जोड कोरड्या कागदाने पुसून तपासावेत. काही शे किलोमीटरनंतर चेंबर पुन्हा उतरवून चुंबक पाहावे. शेवटी वहीत नोंदवलेल्या त्याच चढावर, तेवढ्याच उन्हात आणि तेवढेच वजन घेऊन गाडी न्यावी, आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहावा.