हायवेवरचा अपघात: क्लेम पहिल्या कागदावरच बिघडतो, या चुका टाळा

क्लेम नाकारला गेला की आपण विमा कंपनीला शिव्या देतो. कंपन्या टाळाटाळ करतातच. पण बऱ्याच दाव्यांचं वाटोळं त्याआधीच, पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांनी केलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक दवाखान्यात होते. खंडाळ्याच्या घाटात ट्रकने मागून ठोकलं, खांदा निखळला, आणि केसपेपरवर मात्र 'घरी जिन्यावरून पडले' असं लिहिलं गेलं. हे सांगणारे बहुतेकदा नातेवाईकच असतात. पोलीस केस म्हटलं की डॉक्टर हात लावत नाहीत, ही जुनी भीती. खरं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार डॉक्टरने पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर ताबडतोब उपचार करायचे असतात. पुढे दावा उभा राहिला की विमा कंपनीचा वकील हाच केसपेपर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे (भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयापुढे) ठेवतो, मग जखम अपघातातलीच होती हे सिद्ध करताना घाम फुटतो. म्हणून दाखल होतानाच 'रस्ता अपघात' असं स्पष्ट सांगा, वाहनाचा नंबर असेल तर तोही, आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) केली का ते विचारा. चुकीची नोंद झालीच असेल तर डिस्चार्जची वाट पाहू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी अर्ज द्या, पोलिसांना पुरवणी जबाब द्या आणि दोन्हींची पोच ठेवा.

'जाऊ द्या, आपसात मिटवू.' पाच हजार हातावर ठेवून समोरचा निघून जातो. मान दुसऱ्या दिवशी आखडते, पोटातला मार कधीकधी काही तासांनी कळतो, आणि तोवर ना पंचनामा ना नंबर. अंगाला मार लागला असेल तर 112 ला कळवाच. गाड्या हलवण्याआधी दोन्ही नंबरप्लेट, टायरच्या खुणा आणि किलोमीटरचा दगड यांचे फोटो काढा. जीव धोक्यात घालून मात्र नको. टोलनाक्यावरचं किंवा कॅमेऱ्यातलं चित्रीकरण हवं असेल तर लगेच लेखी मागणी करा, ते कायम साठवून ठेवत नाहीत.

अपघात खालापूरला, पेशंट पुण्यात. मग पोलिसांकडून 'तिकडे जा' असं ऐकावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. शून्य नंबरने नोंद होऊन ती योग्य ठाण्याकडे जाते. दावाही अपघात झाला तिथेच लावावा लागतो असं नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो.

आता पॉलिसी. फक्त थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल आणि चूक आपल्याच चालकाची असेल, तर खासगी गाडीत बसलेल्या बायकोला किंवा मित्राला त्यातून भरपाई मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह (सर्वसमावेशक) पॉलिसीत ती जोखीम धरलेली असते. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू, हातपाय किंवा डोळा गमावणं आणि कायमचं संपूर्ण अपंगत्व यांपुरता आहे. नुसत्या फ्रॅक्चरला त्यातून छदाम मिळत नाही, त्यासाठी मेडिक्लेमच लागतो. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीत भाड्याने माणसं नेली असतील तर वादाला तोंड फुटलंच समजा.

मेडिक्लेम घेतला म्हणून न्यायाधिकरणात बिलं मागायचीच नाहीत, हा समजही सोडा. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा मूळ बिलं कंपनीकडे देण्याआधी रंगीत झेरॉक्स काढा आणि साक्षांकित करून घ्या.

1 एप्रिल 2022 पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. तरी त्या भरवशावर बसण्यात शहाणपण नाही. अपंगत्वाचा दाखला लवकर काढायची घाईही नको. हाड जुळल्यावर किती हालचाल उरली यावर टक्का ठरतो, आणि भरपाई ठरताना त्या टक्क्याचा तुमच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहतात. ड्रायव्हरचा अधू गुडघा आणि कारकुनाचा अधू गुडघा सारखे नव्हेत. उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरण, पगारपत्रक जमवा.

वॉर्डात येऊन 'इतके टक्के द्या, सगळं करून देतो' म्हणणारे भेटतील. निकालाच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवणं वकिलांना नियमानेच मना आहे.

ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी हात हलवत परतू नका. अशा अपघातात मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यातल्या नोंदीच्या प्रतीसह द्यायचा.