एकांकिका स्पर्धेत नेपथ्याच्या खुणा झटपट करण्यासाठी

स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात आणि लेव्हल (लाकडी चौथरे), मोढे (बसायचे ठोकळे) जागेवर बसले नाहीत की कलाकार प्रकाशाबाहेर उभे राहतात. जुना फ्लेक्स कामी येतो.

१. तालमीच्या जागी फ्लेक्स उलटा पसरून रंगमंचाची मधली रेघ आणि पुढची कड आखा.
२. सेट त्यावर मांडा. प्रत्येक वस्तूच्या फक्त मागच्या दोन कोपऱ्यांशी दोन इंची भोक पाडा. पुढच्या खुणा प्रेक्षकांना दिसतात.
३. रंगमंचावर मधली रेघ आणि पुढची कड जुळवा, भोकांतून चिकटपट्टी लावा, फ्लेक्स गुंडाळा.

अंधारातल्या बदलांसाठी अंधारात उजळणारी चिकटपट्टी वापरा, पण ब्लॅकआऊटआधी तिच्यावर प्रकाश पडायलाच हवा.

फ्लेक्स पसरलेला असताना त्यावरून सामान नेऊ नका, पाय हमखास घसरतो.