तासाचे पैसे भरताय? आधी इनिंग कमी करा

कॉलेज रोडला एखाद्या गेमिंग पार्लरमध्ये तासाच्या हिशोबाने बसून बेसबॉल लावणार असाल, तर सामना सुरू करण्याआधी सेटिंग उघडा. ‘एमएलबी द शो’ या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये पूर्ण ९ इनिंगचा सामना सहज पाऊण-एक तास खातो. त्यातून स्कोअर बरोबरीत राहिला की जादा इनिंग, म्हणजे मीटर चालूच! ३ इनिंग ठेवल्या की वीसेक मिनिटांत मोकळे. नऊच हव्यात? मग ‘क्विक काउंट्स’ चालू करा. प्रत्येक बॅटर आधीच काही बॉल-स्ट्राइक (बॉल म्हणजे बाहेर गेलेली फेक, स्ट्राइक म्हणजे बॅटरच्या विरोधात मोजलेली) धरून उभा राहतो, त्यामुळे पिच, म्हणजे चेंडूच्या फेकी, कमी लागतात. रिप्ले मात्र बटण दाबून सरळ उडवायचे. होम रन मारणारा दोस्त कुरकुरेल, कुरकुरू दे.