गिटार खांद्याला लावून दौऱ्यावर निघताना

मी ऐरोलीत राहते. स्वतःची गाणी लिहिते, चाली लावते आणि गिटार घेऊन गावोगाव गाते. ‘ताई, दौरा कसा काढायचा?’ असं नवी मुलं विचारतात. मी तारखांपासून सुरुवात करते.

माझ्या पहिल्या दौऱ्यात शुक्रवारी नाशिक आणि शनिवारी कोल्हापूर होतं. दोन्हीकडून होकार आला, हरखून घेतलं. सिन्नर, संगमनेर, पुणे, सातारा असं रात्रभर एसीच्या झोताखाली बसून पोहोचले, तर घशातून ‘चहा द्या’सुद्धा नीट निघेना. आता नकाशा समोर ठेवूनच तारखा मागते: नाशिक, मग पुणे, एक दिवस मौन, मग कोल्हापूर. मौन म्हणजे मौनच. आईलासुद्धा मेसेज.

तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदला. ऐनवेळी घातलेल्या नव्या तारा ताणत राहतात आणि दर गाण्याला सूर उतरतो. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत त्या गंजतातही पटकन, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या.

हॉलवर पोहोचल्यावर आयोजकांच्याही आधी साउंडवाल्या दादांना भेटा. नाव विचारा, चहा घ्या, आणि हातात चिठ्ठी द्या: एक माइक, एक गिटार, मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, गळ्याचा आवाज जास्त, गिटार कमी. केबल लावल्या लावल्या स्पीकर घूंऽऽ करायला लागला तर गिटारला दोष देऊ नका. एकमेकांना जोडलेल्या उपकरणांना दोन ठिकाणांहून अर्थिंग मिळालं की अशी घरघर येते. गिटार आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची छोटी डबी असते, डीआय बॉक्स. तिच्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बारीक बटण असतं, ते दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, शॉक बसेल. डीआय बॉक्स ॲक्टिव्ह असेल तर त्याला मिक्सरकडून केबलमधूनच येणारी ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) किंवा आत बॅटरी लागते. माझ्या बॉक्सची ९ व्होल्टची जादा बॅटरी पर्समध्ये लिपस्टिकशेजारी असते.

उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला स्पीकर बंद. लोक ज्या गाण्यासाठी आलेत ते शेवटी ठेवलंत तर फसाल. माझं एकदा शाल-नारळ आणि पाहुण्यांची भाषणं उरकेपर्यंत पावणेदहा झाले होते. तेव्हापासून ते गाणं मी तिसरं गाते.

मानधन निम्मं आगाऊ, उरलेलं स्टेजवर चढण्याआधी. प्रवास आणि राहणं त्यातच की वेगळं, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ‘उद्या पाठवतो’ म्हणणाऱ्या एकाचा उद्या अजून उजाडायचाय. टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झालाय का, तेही बघा.

आणि आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, सभासदत्व घ्याच. १९६९ पासूनची ही संस्था गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करते. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीमुळे हा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. करारात काहीही बारीक अक्षरात असो. आपण शब्दही लिहितो, चालही लावतो, तेव्हा गाणं नोंदवताना दोन्ही रकान्यांत नाव घाला. मी वर्षभर नुसती संगीतकार होते.

परतीचं तिकीट निघण्याआधीच काढा. ठाण्याला उतरल्यावर ऐरोलीची शेवटची लोकल गेलेली असली की गिटार, बॅग आणि बसलेला घसा घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस होत नाही.